वाघ इतक्या लवकर दाखवू नकोस

वाचकाचं पत्र

ताई, मी ब्रह्मपुरी तालुक्यातल्या एका खेड्यातला. वय २२. मराठी वाङ्मय घेऊन बी.ए. झालो. घरी अडीच एकर धानाची शेती, आई, बाबा आणि आजी. दिवाळीनंतर झाडीपट्टी नाटकांचा सीझन लागला की वडसा भागातल्या नाटक कंपन्यांचे पडदे आणि बोर्ड रंगवतो. उन्हाळ्यात लग्नाच्या कमानी, दुकानाच्या पाट्या. मध्यंतरी मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. ॲनिमेशन सिनेमात ‘स्टोरी आर्टिस्ट’ असतो, तो अख्खा सिनेमा आधी चित्रांत मांडतो आणि भिंतीसमोर उभा राहून सगळ्यांना करून दाखवतो. ते पाहिलं त्या रात्री झोप आली नाही.

एका खासगी संस्थेत चौकशी केली. दीड वर्षाचा कोर्स, साडेतीन लाख फी, नोकरीची शंभर टक्के हमी. एवढे पैसे नाहीत म्हटलं तर तिथले साहेब म्हणाले, शेतीवर कर्ज काढा. बाबा म्हणतात, ‘पोलीस भरतीचा फॉर्म भर, सकाळी धावाले जा. चित्रं काढून पोट भरते का?’ मित्र म्हणतात, आता एआयच सगळी चित्रं काढते. माझं इंग्रजी कच्चं आहे. कोर्सचं माहितीपत्रक आणि माझ्या एका गोष्टीची बारा चित्रं सोबत पाठवतो. आजी पहाटे मोहफूल वेचाले जाते आणि वाघ येते, अशी गोष्ट आहे. मला जमेल का, ते सांगा. नाव छापू नका.

उत्तर

प्रिय पडदेवाल्या,

आधी शेतीचं बोलू. बाकी काही चुकलं तर दुरुस्त करता येतं, गहाण पडलेली बांधी सोडवायला पिढी जाते. साडेतीन लाखांसाठी अडीच एकर अडकवू नकोस. शंभर टक्के हमी आहे ना, मग ती साहेबांकडून कागदावर लिहून माग. कुठल्या स्टुडिओत, कोणत्या पदावर, किती पगारावर, आणि नोकरी नाही लागली तर फी किती दिवसांत परत. मागच्या दोन बॅचच्या पोरांची यादी माग आणि त्यातल्या चौघांना तू निवडून फोन कर, संस्थेने निवडलेल्यांना नको. आणखी एक आहे. शैक्षणिक कर्ज देताना बँका अभ्यासक्रमाला मान्यता आहे का ते बघतात, आणि चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला सहसा तारण मागत नाहीत. असं असूनही संस्था तुला शैक्षणिक कर्जाऐवजी सातबारा पुढे करायला सांगते, म्हणजे बँकेने या कोर्सबद्दल तुझ्या वतीने फुकटात चौकशी करून ठेवली आहे आणि उत्तर ‘नाही’ आलं आहे, असं धर.

माहितीपत्रक मी वाचलं. संगणकावरचं मॉडेलिंग, रिगिंग, लायटिंग, कम्पोझिटिंग, एडिटिंग, आणि स्टोरीबोर्डला, म्हणजे गोष्ट चित्रांत मांडायला, सगळे मिळून तीन आठवडे. हे शिकणं वाईट नाही. यातून पोरं रोटो, क्लीनअपसारख्या चौकटी साफ करायच्या कामाला लागतात आणि त्यातले काही पुढे चांगले जातात. पण ज्या कामाने तुझी झोप उडवली ते या माहितीपत्रकात जवळपास नाहीच.

ते काम नेमकं काय असतं, ते सांगते. मी मालिकांचे बोर्ड, म्हणजे हेच स्टोरीबोर्ड, करते, मोठे सिनेमे केलेले नाहीत, पण पद्धत तीच आहे. व्हिडिओत तू पाहिलास तो या धंद्यातला सगळ्यात देखणा तास. त्याआधी पटकथेची दोन-चार पानं हातात पडतात. कधी पानंही नसतात, ‘इथे दोघांचं बिनसतं’ एवढं एक वाक्य असतं. त्यावरून काडेपेटीएवढी चित्रं काढायची, ज्यांना आम्ही थंबनेल म्हणतो. दहा तऱ्हांनी तोच प्रसंग मांडून बघायचा. जमला वाटलं की मोठी चित्रं काढायची, ओळीने लावायची, आणि मग दिग्दर्शकासमोर उभं राहून सगळ्यांचे आवाज काढत तो प्रसंग सादर करायचा. त्याला पिचिंग म्हणतात. सादर झालं की लोक सूचना देतात. परत जाऊन पुन्हा काढायचं. मग एडिटर ती चित्रं एकापुढे एक लावतो, ऑफिसातल्याच कुणाकुणाचे तात्पुरते आवाज भरतो, उसनं संगीत घालतो. झालं ॲनिमॅटिक किंवा स्टोरी रील. ती सगळे मिळून बघतात आणि बहुतेक वेळा मोडतात.

हे मोडणं म्हणजेच नोकरी. पडद्यावर एका सेकंदाला २४ चौकटी जातात, म्हणजे अकरा मिनिटांच्या एका भागाला १५,८४० चौकटी. एवढं ॲनिमेशन करून झाल्यावर गोष्ट लंगडी आहे हे कळलं तर निर्माता बुडाला. म्हणून चुका स्वस्तात, कागदावर करून घ्यायच्या. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला डिस्नेच्या स्टुडिओत वेब स्मिथ नावाचा स्टोरीवाला चित्रं भिंतीवर टाचून गोष्ट मांडू लागला, तिथून ही रीत पसरली. पिक्सार या अमेरिकी ॲनिमेशन स्टुडिओच्या ‘वॉल-ई’साठी सुमारे सव्वा लाख स्टोरीबोर्ड चित्रं काढली गेली. त्यातलं एकही जसंच्या तसं पडद्यावर दिसत नाही. ज्याला आपलं चित्र फ्रेम करून भिंतीवर लागावं असं वाटतं त्याने या वाटेला येऊ नये. तू मात्र पडदे रंगवतोस. सीझन संपला की ते गुंडाळून ठेवतात, पुढल्या वर्षी त्यावरच दुसरं रंगवतात. त्याचं तुला फार वाईट वाटत नसेल, असा माझा अंदाज आहे.

आता तुझी बारा चित्रं.

हात चांगला आहे, हे एका ओळीत सांगून पुढे जाते, कारण या कामात त्याला वाटतं तेवढी किंमत नाही. चौथ्या चित्रातल्या वाघाचे पट्टे तू इतके मन लावून काढलेस की त्या एका चित्रावर रात्र गेली असावी. स्टोरी आर्टिस्टला तेवढा वेळ मिळत नाही आणि लागतही नाही. त्या वाघाच्या जागी पाच रेघा चालल्या असत्या. पण तो वाघ तिथे नकोच आहे. चौथ्या चित्रात जबडा दाखवलास, आता उरलेल्या आठ चित्रांत आमच्याकडे बघण्यासारखं काय राहिलं? आजी पळेल, लोक लाठ्या घेऊन येतील, बस.

बाराही चित्रं एकाच जागेवरून काढली आहेत, हे तुझ्या लक्षात आलं का? पहिल्या रांगेत बसून स्टेजकडे बघावं तशी. मागे पडदा, डावीकडून प्रवेश, उजवीकडे झाड. सवय कुठून आली ते कळतं. नाटकात प्रेक्षक खुर्चीला बांधलेला असतो, इथे तो तुझ्या हातात असतो, त्याला उचलून कुठेही नेऊन ठेव. आजीच्या हाताशी ठेव. मोहफूल वेचणारं माणूस वाकलेलं असतं, त्याची नजर जमिनीवर असते. तिला दोन हात जमीन दिसते आणि मागचं जंगल दिसत नाही. आम्हाला मात्र दिसतं. या एका गोष्टीत तुझी अख्खी भीती आहे, वाघ न दाखवता.

तू झाडाखाली गवत काढलंस. का रे? मोहाखालचा पालापाचोळा जाळून जमीन मोकळी करतात, हे मी पवनीची असून मला माहीत आहे, तुला तर माहीत असणारच. काळी जळकी जमीन आणि तिच्यावर फिकट पिवळी फुलं. निसर्गाने तुला फुकटात कागद-शाई दिली आणि तू हिरवा रंग शोधत बसलास. त्या राखेत पावलाचा एक ठसा काढ. आजीचा हात फुलं उचलत उचलत ठशापर्यंत येतो आणि थांबतो. वानर खाकरतं. पुढचं चित्र लांबून, जंगल मोठं आणि आजी बोटाएवढी. त्यापुढचं चित्र पुन्हा हाताचं, आणि हात पुन्हा फुलं वेचू लागतो. या पाच चित्रांत वाघ नाही. प्रेक्षक मात्र श्वास रोखून बसेल, पैज लाव.

एक तांत्रिक चूक. सहाव्या चित्रात आजी डावीकडे पळते आणि दहाव्यात उजवीकडे. मधे तू ती वळताना दाखवलेली नाहीस, त्यामुळे ती वाघाकडेच परत पळत चालली आहे असं वाटतं. दोन पात्रांमधून एक रेष ओढलेली आहे असं धर आणि कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेव. ओलांडायची तर ओलांडताना दाखव. दुसरी सवय लाव: चित्रातलं माणूस पूर्ण काळं भरून बघ. नुसत्या काळ्या आकारावरून ते काय करतंय हे कळलं तर चित्र जमलं. तुझी पाचव्या चित्रातली घाबरलेली आजी अशी भरली की मडक्यासारखी दिसते.

आणि आता आठवं चित्र. खरं तर त्याच्यामुळेच तुझ्या पत्राला एवढं लांबलचक उत्तर देते आहे. टोपली सांडली आहे, वाघ कुठेतरी जवळ आहे, आणि आजी पळायचं सोडून सांडलेली फुलं टोपलीत भरते आहे. हे तुला कुणी शिकवलं नाही. वाघ आला की माणूस पळतो, हे कुणीही काढेल. तुझ्या आजीला त्या टोपलीतल्या फुलांची बाजारातली किंमत माहीत आहे आणि ती वाघासमोरही ती किंमत सोडत नाही, हे तू पाहिलंस. वेड्यासारखं आहे आणि शंभर टक्के खरं आहे. तुझी गोष्ट या चित्रात आहे, बाकीची अकरा फेकून दे. आठव्यापासून सुरुवात कर आणि उलटा चाल: हे चित्र प्रेक्षकाला समजावं म्हणून त्याआधी काय दाखवायला हवं? बहुधा घर दाखवावं लागेल. कुणाची तरी फी असेल, औषध असेल, उधारी असेल. ते तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत.

‘जमेल का’ या प्रश्नाचं माझं उत्तर त्या आठव्या चित्रात आहे. पोट भरेल का, हा तुझ्या बाबांचा प्रश्न वेगळा, आणि त्याचं उत्तर एवढं गोड नाही.

आपल्याकडे ॲनिमेशनचे स्टुडिओ मुंबई, पुणे, हैदराबाद, बंगळूरु, तिरुवनंतपुरम अशा ठिकाणी आहेत. त्यातलं पुष्कळ काम परदेशी कंपन्यांचं. त्या कामात गोष्ट आणि बोर्ड बहुतेक वेळा तिकडेच ठरतात आणि इकडे ॲनिमेशन होतं. म्हणून आपल्याकडे ॲनिमेटरच्या जागा बऱ्याच आणि स्टोरी आर्टिस्टच्या कमी. बोर्डचं काम मिळतं ते मुख्यतः इथेच जन्मलेल्या मालिकांवर. हैदराबादचा ‘छोटा भीम’ २००८ साली आला, ‘मोटू पतलू’ २०१२ साली, आणि अशा मालिकांनी बोर्डवाल्यांच्या चुली पेटत्या ठेवल्या. मालिकेत मोडण्या-जोडण्याची चैन नसते. तारीख ठरलेली असते आणि बोर्ड असा नेमका लागतो की पुढच्याला प्रश्नच पडू नये. नवीन माणूस सहसा दुसऱ्याच्या बोर्डमधल्या दुरुस्त्या करत आत शिरतो. कामं प्रोजेक्टपुरती असतात. दोन प्रोजेक्टच्या मधले महिने कसे काढायचे हे या धंद्यातलं अर्धं शिक्षण आहे. सीझन आणि बिगर-सीझन हा हिशेब तुझ्या घराला नवा नाही, हा तुझा फायदा. मुंबईतली पोरं पहिल्याच रिकाम्या महिन्यात घाबरतात.

सध्या दिवसही फार बरे नाहीत. २०२४ मध्ये पिक्सारने सुमारे १४ टक्के माणसं कमी केली. २०२५ च्या फेब्रुवारीत सिनेमांची व्हीएफएक्स आणि ॲनिमेशन करणाऱ्या टेक्निकलर कंपनीचा जगभरचा कारभार कोसळला आणि बंगळूरुतली पोरं एका आठवड्यात घरी बसली. त्याच वर्षी आपल्याकडे ‘महावतार नरसिंह’ हा ॲनिमेशनपट तुफान चालला, तेव्हापासून निर्माते भारतीय ॲनिमेशनबद्दल जरा बरं बोलू लागलेत. बोलणं आणि पैसा लावणं यांत अंतर असतं, ते नाटक कंपनीच्या मालकांकडून तू शिकलाच असशील.

एआयबद्दल तुझे मित्र अर्धं बरोबर सांगतात. गुळगुळीत, रंगवलेलं चित्र आता मशीन काढतं. निर्मात्याला भुलवायला जी देखणी चित्रं काढून घ्यायचे ती कामं कमी होताना मी बघते आहे, आणि नवशिक्यांची पहिली पायरी कधी कधी तीही असायची, हे वाईट आहे. तुझं पट्टेदार चौथं चित्र मशीन तुझ्याहून बरं काढेल. पण ‘आजी, वाघ, मोह’ असं त्याला सांगितलंस तर ते वाघाचा जबडाच देईल, सांडलेली फुलं भरणारी आजी देणार नाही. ती सुचायला तिच्या शेजारी बसून मोह वेचलेला असावा लागतो. तेव्हा पट्ट्यांवर वेळ घालवू नकोस, एवढंच मी म्हणेन.

बोर्ड हाच एकमेव रस्ता आहे असंही मानू नकोस. २०२५ साली ऑस्कर मिळवलेला लाटव्हियाचा ‘फ्लो’ स्टोरीबोर्ड न काढताच झाला. दिग्दर्शक गिंट्स झिल्बालोडिस यांनी थेट त्रिमितीत कॅमेरा फिरवून ॲनिमॅटिक केलं, तेही ब्लेंडर या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर. सिनेमाभर एक संवाद नाही. इंग्रजीची धास्ती घेणाऱ्याने हे जरूर लक्षात ठेवावं.

आता तुझ्यासारख्याच एकाची हकिगत. बिल पीट हा अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला, १९१५ चा जन्म, लहानपणी आजोबांच्या शेतावर हुंदडलेला. १९३७ साली तो डिस्नेकडे लागला. काम काय, तर दोन मुख्य चित्रांच्या मधली चित्रं भरायची. डोनाल्ड डक काढून काढून तो इतका विटला की एक दिवस ‘आता बदक नको’ म्हणत ओरडत सुटला. त्याच सुमाराला त्याने आपल्या कल्पनेतली चित्रं स्टोरी विभागाकडे पाठवली होती, ती आवडली आणि त्याला तिकडे घेतलं. पुढे १९६१ च्या ‘वन हंड्रेड अँड वन डालमेशन्स’ची पटकथा त्याने लिहिली आणि अख्ख्या सिनेमाचा बोर्ड एकट्याने काढला. १९६४ साली भांडून बाहेर पडला आणि मुलांची पुस्तकं लिहून-चितारून उरलेलं आयुष्य मजेत काढलं. मला यातलं शेवटचं जास्त आवडतं. गोष्ट सांगता येणारा चित्रकार एका स्टुडिओच्या दारात अडकून पडत नाही.

दुसरा, पिक्सारचा स्टोरीवाला ‘जो रॅन्फ्ट’. ‘टॉय स्टोरी’च्या गोष्टीत त्याचा मोठा वाटा. तो पिचिंग असं करायचा की ‘अ बग्स लाइफ’मधल्या जाड्या सुरवंटाला त्याने दिलेला तात्पुरता आवाजच शेवटी सिनेमात ठेवला. तू पडद्यामागे उभं राहून नटांच्या नकला करत असशीलच. लाजू नकोस, हाही या नोकरीचा भाग आहे.

‘टॉय स्टोरी’वरून आठवलं. १९९३ च्या नोव्हेंबरात त्याची रील डिस्नेच्या अधिकाऱ्यांना दाखवली आणि ती दणकून पडली. नायक वूडी इतका खडूस झाला होता की कुणालाच आवडेना. काम थांबलं, गोष्ट पुन्हा बांधली, आणि १९९५ साली सिनेमा आला तो सगळ्यांना ठाऊक आहे. असं पडणं तू दर सीझनला बघतोस. रात्रीचे तीन वाजलेत, थंडीने लोक कांबळीत शिरलेत, तिसऱ्या अंकातला रडका प्रवेश चालू आहे आणि मागच्या रांगा घोरतायत. विनोदी नट विंगेतून बघतो आणि ठरल्यापेक्षा आधीच घुसतो. दुसऱ्या गावात तोच प्रवेश तो कापतो. कुठे पब्लिक सुटलं आणि कशाने परत आलं, हे तू वर्षानुवर्षं विंगेत उभा राहून पाहिलं आहेस. मोठ्या शहरातल्या पोरांना हे शिकायला मिळत नाही, ती शिक्षकांसमोर सादर करतात आणि शिक्षक झोपत नाहीत. २०२३ साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बाहेरच्यांना झाडीपट्टी नावाची रंगभूमी आहे हे कळलं. तू तिच्यात वाढलास आणि पत्रात तिला एका ओळीत उरकलंस. येत्या सीझनला पडदा रंगवून झाला की घरी जाऊ नकोस. वही घेऊन प्रेक्षकांकडे तोंड करून बस. स्टेज नको, माणसं काढ. कधी हसली, कधी उठली, कधी बाळाला पाजायला घेतलं. वेळ लिहून ठेव.

बाकी सामान फार लागत नाही. हातावर मावतील असे कागद, काळा मार्कर, भिंत. क्रिटा आणि ब्लेंडर फुकट आहेत, ‘स्टोरीबोर्डर’ नावाचं सॉफ्टवेअरही फुकट आहे. संगणक नसेल तर कागदावर काढ आणि मोबाइलवर फोटो एकामागे एक लावून त्यावर आवाज भर. मोहाची गोष्ट दीड-दोन मिनिटांची करून बघ. आजीचा आवाज आजीलाच दे, तिच्या बोलीत, प्रमाण मराठी करू नकोस. मग चार लोकांना दाखव आणि त्यांच्या मागे उभा राहा. काही समजावून सांगू नकोस, नुसतं बघ कुठे मोबाइल हातात घेतात. त्यानंतर दोन वेगळ्या गोष्टी कर, एक हसवणारी आणि एक नुसत्या दोन माणसांच्या बोलण्याची. बोलण्याची सगळ्यात अवघड जाते, कारण वाघ नसतो. कुठल्याही स्टुडिओत दाखवायला असे तीन प्रसंग पुरतात. सुंदर सुटी चित्रं त्यात घुसडू नकोस, बोर्ड बघणारा माणूस ती भराभर उलटतो.

शिकायचंच असेल तर आयआयटी मुंबई ‘सीड’ नावाची डिझाइनच्या शिक्षणाची प्रवेशपरीक्षा घेते, दरवर्षी जानेवारीच्या सुमारास. त्याला बारावीनंतरची किमान तीन वर्षांची कुठलीही पदवी चालते, म्हणजे तुझं बी.ए. चालतं, आणि वयाची अट नाही. पहिला भाग संगणकावर, दुसऱ्यात हाताने काढायचं असतं. त्यावर त्यांच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनच्या एम.डेस. या पदव्युत्तर पदवीसाठी अर्ज करता येतो, पण तिथे तुझं बी.ए. चालतं का, ते आधी विचारून घे. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी. जागा मोजक्या आहेत आणि स्पर्धा दांडगी आहे, पण हे असे कोर्स आहेत ज्यांच्यासाठी बँक तुला दारात उभं करते. सीडचा पेपर इंग्रजीत असतो, तेव्हा इंग्रजी वाचायची तरी सवय लाव. बोलण्याचं फार मनावर घेऊ नकोस. माझ्या पाहण्यात आपल्या स्टुडिओत निम्म्याहून जास्त कारभार हिंदीत चालतो आणि बोर्डवर बाण सगळ्या भाषांत सारखेच असतात. कोर्स न करताही लोक पोचले आहेत. गीतांजली राव जे.जे.मधून उपयोजित कला शिकल्या, ॲनिमेशन स्वतःचं स्वतः शिकल्या आणि त्यांच्या ‘प्रिंटेड रेनबो’ला २००६ साली कान महोत्सवात पुरस्कार मिळाला. पण त्यांनी त्याच्यामागे किती वर्षं घातली, तेही वाच.

राहिले बाबा. ते चूक बोलत नाहीत, त्यांना दिसतं तेवढं बोलतात. गावात वर्दी घालून परत आलेली पोरं त्यांनी पाहिली आहेत, स्टोरी आर्टिस्ट पाहिलेला नाही. त्यांच्याशी वाद घालू नकोस. फॉर्म भर आणि धावायलाही जा. १६०० मीटर पळून कुणाचा हात बिघडत नाही. त्यांना एवढंच सांग की शेतीला हात लावणार नाही आणि पुढचा सीझन संपेपर्यंत रात्रीचे दोन तास माझे. नोकरी लागली तर लागू दे. लागली म्हणून बोर्ड काढायला कुणी बंदी करत नाही, आणि महिन्याला पगार येत असला की वाईट कामाला नाही म्हणता येतं, जे माझ्या कित्येक मित्रांना जमत नाही. नाही लागली तर तोवर तुझ्या हाती तीन प्रसंग असतील आणि तेव्हा स्टुडिओंना पाठवायला काहीतरी असेल. सीझन संपूनही तीन प्रसंग झालेच नाहीत, तर त्याचाही अर्थ तू स्वतः लाव, मला विचारू नकोस. आणि मोहाची गोष्ट तयार झाली की ती पहिली बाबांना दाखव. त्यांना आवडेलच असं नाही, पण आजीचा आवाज ऐकून ते शेवटपर्यंत बसतात का ते बघ.

नवी चित्रं पाठवशील तेव्हा प्रत्येकावर खाली कोपऱ्यात क्रमांक घाल. या वेळी सातवं आणि आठवं उलटसुलट आलं होतं. फोटो घराबाहेर सावलीत काढ, ट्यूबलाइटखाली काढलेस तर मार्कर चमकतो आणि अर्धं चित्र पांढरं होतं.

तुझी,
ताई